कोण आलं होतं?

थिसिसच्या पाच कॉप्या बाइंडिंग होऊन हातात आल्या त्या दिवशी मी त्या मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, डिंकाचा वास अजून गेला नव्हता. बाइंडिंगवाल्या भाईंनी पिशवीत घालून देताना विचारलं होतं, "बेन, हवे डॉक्टर थई गया?" मी म्हटलं नाही भाई, एम.फिल. आहे, क्लिनिकल सायकॉलॉजीचं, तर ते "सरस, सरस" म्हणाले आणि वरच्या कॉपीवरची धूळ बाहीने पुसून दिली. घरी आईने एक कॉपी देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, बाबांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं, आत्याचा फोन आला. जसं व्हायला हवं तसं सगळं झालं. आणि रात्री मला झोप लागेना, कारण डोक्यात एकच हिशोब चालू होता, काकांकडे जाऊन आज एकवीस दिवस झाले.

हे काका माझे कोणी नात्यातले नाहीत. ते माझ्या अभ्यासातले एक पार्टिसिपंट. त्यांना विचारूनच हे लिहितेय, आणि त्यांचे काय किंवा बाकीच्यांचे काय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आमचा कोर्स दोन वर्षांचा फुल-टाइम, रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या मान्यतेचा. सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी केस रेकॉर्ड लिहायचे, टेस्टिंगचे रिपोर्ट, थेरपीच्या केसेस, आणि या सगळ्याच्या फटीतून थिसिस. यूजीसीने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही डिग्रीच बंद केली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, त्यामुळे आम्ही शेवटच्या काही बॅचेसपैकी. सिनियर म्हणायचे तुमच्या मागे आता कोणी नाही, नीट करा. त्या "नीट करा"चं दडपण मला खरंच होतं.

विषय घेतला होता डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांचा. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये लासी-डॅड या अभ्यासातून आला. ८८ लाख आजारी म्हणजे निदान तेवढीच दुसरी माणसं, जी रात्री तीनदा उठतात, दाराला वरून कडी लावतात, गॅसचा नॉब काढून डब्यात ठेवतात. ओपीडीत केसपेपर आजारी माणसाच्या नावाचा निघतो. शेजारच्या खुर्चीवर जी बाई पिशवी घेऊन बसलेली असते तिला डॉक्टर विचारतात, झोप लागते का? आणि ती सासूबाईंच्या झोपेबद्दल सांगते. हे मी इतक्या वेळा बघितलं की मग तोच विषय झाला.

वाचायला इथे बडोद्याच्या हंसा मेहता लायब्ररीत बसायचे, थंडीत, खिडकीजवळ. तिथे एका दुपारी मला १९८० सालचा पेपर मिळाला, स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. या क्षेत्रात झॅरिटचं नाव सगळ्यांना माहितीये कारण सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायची जी प्रश्नावली जगभर वापरतात ती त्यांची. पण मूळ पेपर फार लोक उघडून वाचत नाहीत असं मला वाटतं. त्यात फक्त २९ घरं आहेत. साधी अपेक्षा अशी की पेशंट जितका जास्त विसरणार, जितका जास्त त्रास देणार, तितका सांभाळणाऱ्यावर भार जास्त. तसं निघालंच नाही. आजाराच्या त्रासाशी भाराचा संबंध दिसला नाही, संबंध दिसला तो घरातली बाकीची माणसं किती वेळा भेटायला येतात याच्याशी. जिथे येणंजाणं जास्त, तिथे भार कमी. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. नंतरच्या अभ्यासांमधून वागण्यातल्या त्रासाचाही चांगलाच संबंध दिसलाय, ते खरं आहे आणि ते मी थिसिसमध्ये लिहिलंय, पण त्या दिवशी मला आमच्या आजीचं वाक्य आठवत होतं, कोणी उठून निघालं की ती दारापर्यंत जायची आणि म्हणायची, येत जा हो, तेवढंच बरं वाटतं. आपण ते किती सहज ऐकून सोडून देतो.

माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, मोजू नकोस, विचार. म्हणजे क्वालिटेटिव्ह. आमच्याकडे सगळे एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवाले, दोन ग्रुप घ्या, स्केल भरून घ्या, टेबल काढा, त्यामुळे कोणी भेटलं की पहिला प्रश्न, तुझा एन किती, म्हणजे नमुना केवढा? चौदा. चौदाच? हो, चौदा घरं, प्रत्येक घरी दोनदा बसून बोलायचं, रेकॉर्ड करायचं, एकेक शब्द टाइप करायचा. मॅडम स्वतः गुजराती, पण त्यांनीच आग्रह धरला की मराठी घरं घे, तुझी भाषा आहे, तुला न बोललेलं पण ऐकू येईल.

पण पहिल्याच घरी ऐकू आलं ते असं. दांडिया बाजारातल्या एक काकू, सासूबाईंना सहा वर्षं सांभाळतायत. मी कागद बघून विचारलं, "सासूबाईंची काळजी घेणं तुम्हाला ओझं वाटतं का?" हा प्रश्न मी इंग्रजीतून मराठीत केला होता, एका ओळखीच्या बाईंकडून परत इंग्रजीत करून तपासला होता, पद्धतीप्रमाणे सगळं बरोबर होतं. काकूंनी विळी बाजूला सरकवली. म्हणाल्या, "ओझं? अगं सासूबाई आहेत त्या माझ्या. ओझं काय म्हणतेस." त्यानंतर पुढची दहा मिनिटं सगळं छान होतं, काही त्रास नव्हता, देवाची कृपा होती, आणि मी परत आले.

तो प्रश्न मी काढून टाकला. एथिक्स कमिटीकडे बदल परत पाठवावा लागला, त्यात पाच आठवडे गेले, त्या पाच आठवड्यांचा मला खूप त्रास झाला कारण सबमिशनची तारीख काही पुढे जाणार नव्हती. नवीन प्रश्न एवढाच, "सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस कसा जातो ते सांगाल?" त्याच काकूंकडे परत गेले. त्या तास-दीड तास बोलल्या. मग मला शब्द मिळायला लागले, आणि चौदा घरांत मिळून ओझं हा शब्द आपणहून एकीनेही वापरला नाही. त्या म्हणायच्या शीण येतो. कंटाळा नाही हं, कंटाळा नाही आला, शीण येतो. कोणी म्हणायचं बांधून पडल्यासारखं झालंय. कोणी म्हणायचं घराबाहेर पाय निघत नाही. एक ताई, आईला सांभाळणाऱ्या, म्हणाल्या की मी दमत नाही, मी आटत चाललेय. थिसिस इंग्रजीत लिहायचा, मग या "शीण"चं मी करणार काय? फटीग लिहिलं, एक्झॉशन लिहिलं, खोडलं. शीणात थकवा आहेच पण जुनेपणा पण आहे, आणि माया अजून संपलेली नाही हे पण त्यात आहे, कंटाळा म्हटलं की ती संपते. मॅडमनी लाल पेनने समासात लिहिलं, कीप द वर्ड. म्हणून माझ्या थिसिसमध्ये शीण हा शब्द शीण असाच आहे, आणि खाली अर्ध्या पानाची टीप. त्या अर्ध्या पानाइतका अभिमान मला दुसऱ्या कुठल्याच पानाचा नाही.

त्याच दांडिया बाजारच्या काकूंकडची अजून एक गोष्ट. माणसांवरच्या संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची गाइडलाइन्स आहेत, त्याप्रमाणे बोलायला सुरुवात करायच्या आधी माहितीपत्रक वाचायला द्यायचं आणि सही घ्यायची. बदललेल्या प्रश्नांमुळे ती परत घ्यावी लागली. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या, हात पदराला पुसले, चष्मा लावला, आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचायला लागल्या, शाळेत वाचतात तसं. त्यात एक ओळ असते, सगळ्यांच्याच फॉर्ममध्ये असते, की आपण कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, यातून बाहेर पडू शकता. तिथे बोट थांबलं. त्यांनी ती ओळ परत वाचली, यावेळी हळू, "कोणत्याही टप्प्यावर... कारण न देता..." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असं लिहून देतात होय?" आणि सही केली. आतून सासूबाई हाक मारत होत्या, त्या उठून गेल्या. मी ती ओळ आधी शंभर वेळा वाचली असेल.

रेकॉर्डिंग टाइप करणं हे एक वेगळंच काम आहे. एक तासाच्या बोलण्याला मला सहा-सात तास लागायचे. बडोद्याचं मराठी म्हणजे वाक्य मराठीत सुरू होणार, मधे गुजराती, शेवट कशातही, "डॉक्टरांना विचारलं ने, तर म्हणे चालशे, टेन्शन नाही घ्यायचं." ते तसंच्या तसं उतरवायचं. कुकरची शिट्टी लिहायची, थांबलेलं पण लिहायचं, किती सेकंद ते सुद्धा. काकूंना मी विचारलं होतं की शेवटचं कोण आलं होतं यांना भेटायला? रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर बराच वेळ फक्त पंखा आहे आणि शेंगा सोलल्याचा आवाज. मी मोजलं, सत्तेचाळीस सेकंद. मग त्यांचा आवाज, "गौरीला आल्या होत्या नणंदबाई. मागच्या नाही, त्याच्या मागच्या."

आता काका. रावपुऱ्यात जुना वाडा, पहिला मजला, जिना एवढा उभा की वर जाताना दोरी धरावी लागते. काका रेल्वेतून रिटायर झालेले, काकूंना डिमेन्शिया, सातवं वर्ष. काकू मराठी शाळेत शिकवायच्या. मुलगा कॅनडात, मुलगी पुण्याला. दिवेलागणीची वेळ झाली की काकू पर्स खांद्याला लावून दाराशी उभ्या राहतात, "चला, मला घरी जायचंय," आणि काका त्यांना घेऊन गॅलरीत तीन फेऱ्या मारतात, परत आत येतात, म्हणतात आलं बघ घर. या आजारात संध्याकाळी असं अस्वस्थ होणं खूप जणांचं होतं, त्याला पुस्तकात सनडाउनिंग नाव आहे. काकांना ते नाव माहिती नव्हतं, तीन फेऱ्या त्यांनी स्वतः शोधून काढल्या होत्या.

त्यांच्या दाराशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली, दोनशे पानी, सुतळीने पेन बांधलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं दुधाचा हिशोब असेल. काकू दर अर्ध्या तासाने विचारतात, "कोण आलं होतं?" आधी काका खरं तेच सांगायचे, कोणी नाही, तर काकू रडायच्या, भांडायच्या, तुम्ही माझ्यापासून लपवता म्हणायच्या, कोणीतरी येऊन गेलंय, मला आवाज आला. मग काकांनी वही घातली. आता विचारलं की वही काढायची, चष्मा लावायचा आणि वाचून दाखवायचं. लिहिलेलं असलं की काकू ऐकतात, शाळेच्या बाई होत्या ना, लिहिलेल्यावर विश्वास आहे. त्यातल्या काही नोंदी काकांनी मला उतरवून घेऊ दिल्या.

"मंगळ. ११.२०. गॅसवाला. आत आला नाही."

"शुक्र. शेजारच्या बेन. ढोकळा दिला. दहा मिनिटं."

"रवि. कोणी नाही."

"सोम. कोणी नाही. (पोस्टमन खालूनच गेला.)"

मी विचारलं, काका, मुलाचा फोन रोज येतो ना, व्हिडिओ कॉल, तो यात नाही लिहीत? म्हणाले, "तो दिसतो गं. येत नाही." त्यात तक्रार अजिबात नव्हती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, मुलगा खरंच रोज फोन करतो, पैसे पाठवतो, रात्री जागून डॉक्टरांशी बोलतो. काकांना फक्त नोंद बरोबर ठेवायची होती. आणि ओळखीचे लोक का येत नाहीत त्याचंही कारण त्यांनी अगदी साधं दिलं, बरोबरीच्या सगळ्यांचे गुडघे गेलेत आणि आमचा जिना असा.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या कारेलीबागेत घरात पाणी होतं. टाइप केलेले कागद, पेन ड्राइव्ह, रेकॉर्डर सगळं मी पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलं, लाइट नाही, बाहेर मगरी दिसल्याचे व्हिडिओ फिरत होते, आणि माझ्या फोनची बॅटरी संपायच्या आत जे दोन-तीन फोन आले त्यातला एक काकांचा. पाणी किती आलंय, जेवलात का, पाणी उतरलं की सगळ्यांना घेऊन इकडे या, आमच्याकडे वर काही येत नाही. पाणी ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले ती थिसिससाठी नाही, नुसतीच गेले. रेकॉर्डर नव्हता. काकू मला म्हणाल्या, "वर्गात का नव्हतीस?"

मग सप्टेंबर-ऑक्टोबर कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थाप्रमाणे लेबलं लावणं. ब्राउन आणि क्लार्क यांची २००६ ची पद्धत, सहा पायऱ्या, आधी सगळं परत परत वाचायचं, मग वाक्यावाक्याला कोड, मग त्यातून थीम, त्या तपासायच्या, त्यांना नाव द्यायचं, मग लिहायचं. मी वाक्यं कापून चिठ्ठ्या केल्या होत्या आणि पलंगभर पसरल्या होत्या, आई रात्री झोपायला सांगायला यायची आणि चिठ्ठ्यांना धक्का न लागू देता कडेने परत जायची. सगळ्यात मोठा ढीग झाला तो "कोणी येत नाही"चा. चौदापैकी बारा घरांतून. माझा नमुना लहान, एकाच गावचा, एकाच भाषेचा, यावरून जगाबद्दल काही म्हणता येत नाही, आणि मी म्हटलेलंही नाही. पण तो ढीग मी हाताने उचलला आहे, त्याची जाडी मला माहितीये.

काकांच्या वहीबद्दल मला अडचण वेगळीच आली. दुसऱ्या मुलाखतीनंतर आपण काय अर्थ लावला तो त्या माणसाला दाखवून विचारायचं असतं, बरोबर आहे का. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये गेले तेव्हा मी वहीचा ऑक्टोबर महिना बघितला. गॅसवाला, पोस्टमन, दारातून गेलेले सगळे सोडले तर आत येऊन बसलेल्या माणसांच्या नोंदी पाच. त्यातल्या तीन माझ्या. मागे चाळत गेले. जुलैमधली पहिली नोंद, "कॉलेजमधून. सही घेतली." मग "कॉलेजची मुलगी. दीड तास." पुराच्या वेळची "कॉलेजची मुलगी. काम नव्हतं." आणि ऑक्टोबरात नुसतं माझं नाव.

मी घरात कोण येतं ते विचारायला गेले होते आणि येणारी तीच मी होते. वही हातात घेऊन उभी राहिले. मला आधी शास्त्राचीच काळजी वाटली, माझ्यामुळे डेटा बदलला, आता हे कुठे लिहायचं? आणि मग जिन्याची दोरी धरून खाली उतरताना दुसरी गोष्ट लक्षात आली, अजून एक भेट आणि मग माझं काम संपणार.

थेरपीत आम्हाला संपवायला शिकवतात. टर्मिनेशन म्हणतात त्याला, पहिल्या काही सेशनमध्येच सांगायचं की हे कधीतरी संपणार आहे, शेवटचे सेशन मोजून घ्यायचे, आठवड्याचे पंधरवड्यावर न्यायचे, माणसाला निरोपाची तयारी करू द्यायची. त्यावर लेक्चर असतं, सुपरव्हिजन असतं. रिसर्चमध्ये असं काहीच नाही. तिथे माहितीपत्रकाच्या तळाशी एक ओळ असते, आपल्या सहभागाबद्दल आभार. एथिक्स कमिटीने मला विचारलं होतं की मुलाखतीत कोणी रडलं, खचलं तर काय कराल, आणि मी त्यासाठी कागद केला होता, ओपीडीचे वार, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, सगळं. पण मुलाखती संपल्यावर काय कराल, हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तो नंबर मी काकांना दिला होता. त्यांनी नीट वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि म्हणाले, "बोलेन की. पण बोलायला मला खूप मिळतं गं. कोणीतरी बसायला हवं."

मॅडमना जाऊन सांगितलं. मला वाटलं त्या बाउंडरीजवर बोलतील, आणि बोलल्याच. म्हणाल्या, तू चौदा घरांची पाहुणी होऊ शकत नाहीस, उद्या नोकरी लागेल, चाळीस पेशंट असतील, हे झेपणार नाही आणि ते त्यांच्यासाठीही बरं नाही. थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, पण न सांगता गायब पण होऊ नकोस, प्रत्येक घरी जा, सांगून संपव. आणि वहीचं सगळं लिही, लपवू नकोस, ते तुझ्या रिसर्चमधलं सगळ्यात खरं पान आहे.

पुढचं सगळं पटकन झालं. लिहिणं, प्लेजिअरिझम चेक, दहा टक्क्यांच्या आत यायला हवं, रेफरन्सची मांडणी, समास, पाननंबर. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी थिसिसमधलं तेच पान उघडून ठेवलं होतं. विचारलं, तुमच्या जाण्याने परिस्थिती बदलली असं तुम्ही स्वतःच लिहिलंय, मग निष्कर्ष कसा धरायचा? मी म्हटलं, सर, बदलली, हो, आणि माणूस आल्याने बदलली हेच त्यातून दिसतंय असं मला वाटतं. ते पान उलटून परत मागे आले आणि म्हणाले, "अँड व्हेन यू स्टॉप्ड गोइंग?" मला उत्तर देता आलं नाही. खोलीत एसीचा आवाज येत होता. सर म्हणाले, ठीक आहे, आणि दुसरा प्रश्न विचारला. व्हायवा चांगली झाली, सगळे म्हणाले चांगली झाली.

सांगून संपवायचं काम मी खरं म्हणजे व्हायवाच्या आधीच सुरू केलं होतं. थिसिसचा सारांश मराठीत दोन पानांत लिहिला, मोठ्या अक्षरात प्रिंट काढले, आधी फोन करून सांगायचं की अभ्यासासाठीची ही शेवटची भेट, मग जायचं. दोन घरांत आजारी माणूस गेलेलं होतं, तिथे सारांश पिशवीतून काढलाच नाही, नुसती बसले. एका घराला कुलूप, शेजारी म्हणाले सुरतेला हलले. दांडिया बाजारच्या काकूंनी दोन पानं घडी करून पंचांगात ठेवली आणि मला तुरीचे दाणे बांधून दिले, नको म्हटलं तरी. काकांचं घर मी शेवटी ठेवलं, मग ते राहिलं, मग बाइंडिंग, सबमिशन, आणि ते एकवीस दिवस.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी गेले. दोरी धरून वर चढले. काकू आत झोपल्या होत्या. काका म्हणाले, आज कसलं काम? म्हटलं, कॉलेजचं काम संपलं काका, हे तुमच्यासाठी आणलंय. त्यांनी दोन्ही पानं खिडकीच्या उजेडात उभ्याने वाचली, शेवटपर्यंत, रेल्वेत सर्क्युलर वाचत असतील तशी. मग दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"इथे काय लिहिलंयस, सामाजिक आधाराचा अभाव."

"हो काका."

"असं कोण म्हणालं होतं?"

मी गप्प. म्हणाले, "आम्ही म्हणालो होतो कोणी येत नाही. तेच लिही की."

वहीचं सुतळीला बांधलेलं पेन त्यांनी सोडून माझ्या हातात दिलं. मी ती ओळ खोडून वर लिहिलं, कोणी येत नाही. त्यांनी वाचून मान हलवली, म्हणाले आता बरोबर, आणि मग, "म्हणजे आता तुला सही नको आमची."

"नको."

"मग बैस. चहा टाकतो."

स्वयंपाकघरातून कपबशीचा आवाज आला तशा काकू जाग्या झाल्या. पर्स शोधायला लागल्या असाव्यात, आतून कपाटाचं दार वाजलं, आणि मग त्यांची हाक, "अहो, कोण आलं होतं?"

काकांनी वहीकडे हात नेला आणि तसाच परत घेतला.

"अजून आहे," ते म्हणाले. "बसलीये बाहेर. ये."